उन्हाळ्यात काळी, पावसाळ्यात बरी, संक्रांतीला पुन्हा काळी: निगेटिव्हचं हे दुखणं लेन्सच्या पात्यांचं असतं

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. रोल धुऊन हातात येतो. काही फ्रेम्स अगदी हव्या तशा. त्यांच्या शेजारच्याच काही इतक्या गडद, की निगेटिव्ह खिडकीसमोर धरली तरी पलीकडचा उजेड दिसत नाही. निगेटिव्हवर गडद म्हणजे फिल्मवर जादा प्रकाश पडलेला. फोटो काढताना मीटरची सुई मधोमध, म्हणजे प्रकाश बरोबर असल्याचं दाखवत होती. शटरचा आवाज नेहमीसारखा. लेन्समधून पाहिलं तर सगळं स्वच्छ. मार्चअखेर हे सुरू होतं, जून-जुलैत आपोआप थांबतं, आणि आपण निवांत झालो की पुन्हा उपटतं.

माझ्याकडे मामाचा पेंटॅक्स के-१००० आहे, सोबत ५० मिलिमीटरची एफ २ लेन्स. हे मॉडेल १९७६ ते १९९७ इतकी वर्षं बनत होतं, त्यामुळे आजही जुन्या बाजारात सहज मिळतं, आणि फिल्म शिकणाऱ्या बऱ्याच जणांचा पहिला कॅमेरा हाच असतो. सगळा यांत्रिक. बॅटरी लागते ती फक्त मीटरच्या सुईला. या कॅमेऱ्याने मला तीन उन्हाळे छळलं. तिसऱ्या वर्षी कारण सापडलं. खालचं सगळं त्या शोधातून आलेलं आहे. नायकॉनच्या मॅन्युअल लेन्स किंवा स्क्रू माउंटच्या, म्हणजे पेचाने बॉडीवर बसणाऱ्या, जुन्या लेन्स वापरणाऱ्यांनाही ते लागू पडेल.

पहिल्या उन्हाळ्यात संशय गेला माझ्याच डेव्हलपिंगवर. मी ब्लॅक अँड व्हाइट रोल घरीच धुते. इलफोर्डची एचपी५ प्लस फिल्म डी-७६ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात), पाणी न मिसळता, २० अंशांना साडेसात मिनिटं. आता सोलापुरात मे महिन्यात २० अंशांचं पाणी आणायचं कुठून? गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणाऱ्या पाण्यात हात घालवत नाही. मी माठातलं पाणी घेते, त्यात बर्फाच्या पिशव्या सोडून तापमान उतरवते आणि फिल्म धुवायची टाकी परातीत गार पाण्यात ठेवते. रसायन गरम राहिलं तर फिल्म जास्त धुतली जाते आणि निगेटिव्ह गडदच येते, म्हणून हा संशय चुकीचा नव्हता. पण तो पडताळायची एक सोपी रीत आहे आणि ती मला फार उशिरा सुचली.

फिल्मच्या कडेला, भोकांच्या रांगेत, फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव छापलेलं असतं. ते कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेलं असतं. त्याचा तुमच्या कॅमेऱ्याशी काही संबंध नाही, ते दिसू लागतं ते फक्त डेव्हलपरमुळे. म्हणजे आकडे नेहमीपेक्षा जाड, फुगलेले, काळेकुट्ट दिसत असतील तर दोष धुण्यात आहे. आकडे नीट आणि फ्रेम मात्र काळी असेल, तर डेव्हलपर निर्दोष आहे आणि जादा प्रकाश कॅमेऱ्यातच आत गेला आहे. माझे आकडे प्रत्येक रोलवर नीट होते. शिवाय धुणं बिघडलं तर अख्खा रोल बिघडतो, मधल्याच सात फ्रेम्स बिघडत नाहीत.

रंगीत रोल लॅबमध्ये देत असाल तर एक विनंती: नुसते स्कॅन मागवू नका, निगेटिव्ह परत मागा. निगेटिव्ह फिल्म दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जादा प्रकाश मुकाट्याने पचवते आणि स्कॅनर उरलेलं सावरून घेतो. मोबाइलवर आलेला फोटो थोडा फिकट, थोडा दाणेदार वाटतो इतकंच. माझा दोष अशा सावरलेल्या स्कॅनमागे जवळजवळ वर्षभर लपून राहिला होता.

त्यानंतर मी वहीत प्रत्येक फ्रेमचं अपर्चर आणि शटर लिहायला लागले. अपर्चर म्हणजे लेन्समधल्या पात्यांनी प्रकाशासाठी ठेवलेलं भोक, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान; शटर म्हणजे प्रकाश किती वेळ आत येतो ते. कंटाळवाणं काम आहे, पण गाठ सुटली ती याच वहीमुळे. भुईकोट किल्ल्याच्या तटावर दुपारी काढलेल्या फ्रेम्स एफ ११ आणि एफ १६ वर होत्या, सगळ्या काळ्या. त्याच रोलवर कंबर तलावाकाठी संध्याकाळी एफ २.८ वर काढलेल्या फ्रेम्स एकूण एक चांगल्या. आडवी रेघ मारावी इतका स्वच्छ फरक. म्हणजे बिघाड लहान अपर्चरवरच होत होता.

तरीही मी उन्हालाच दोष देत राहिले. उष्म्याने काहीतरी ढिलं होत असेल, गार झालं की बरं होत असेल, असा माझा तर्क. पावसाळ्यात फ्रेम्स सुधारल्या तेव्हा तो पक्का वाटला. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेने तो पार मोडला. अक्षता सोहळ्याच्या दिवशी सम्मती कट्ट्याजवळ गर्दीत उभी राहून मी नंदीध्वजांचे फोटो काढले. हवा गार, ऊन लख्ख, समोर बाराबंदीतले पांढरेशुभ्र मानकरी. ४०० ची फिल्म (हा फिल्मचा वेग, आकडा मोठा तितका प्रकाश कमी लागतो), शटर १/५००, अपर्चर एफ १६. आता एवढं पांढरं समोर असलं की मीटर फसतो आणि कमी प्रकाश सुचवतो, त्यामुळे निगेटिव्ह पातळ यायला हवी. माझी आली काळी. मीटर एका बाजूला ओढत होता आणि निकाल उलट्या बाजूला गेला होता. म्हणजे मीटरही सुटला, आणि त्या दिवसाचा उष्माही सुटला. उरली लेन्स.

काय घडत होतं ते नीट समजून घ्या, पुढच्या तपासण्या त्यावरच उभ्या आहेत. या कॅमेऱ्यांत तुम्ही अपर्चरची रिंग एफ १६ वर नेली तरी फोटो काढेपर्यंत लेन्सची पाती पूर्ण उघडीच असतात, म्हणजे व्ह्यूफाइंडर उजळ राहतो आणि फोकस करता येतो. मीटरही उघड्या लेन्समधूनच प्रकाश मोजतो आणि रिंगवरचा आकडा हिशेबात धरतो. बटण दाबल्यावर आरसा वर जातो, बॉडीतली दांडी लेन्सची दांडी सोडते, आणि लेन्समधली एक नाजूक स्प्रिंग पाती एफ १६ पर्यंत मिटवते. मग शटर उघडतं. हे सगळं पापणी लवायच्या आत.

पात्यांवर तेलाचा पापुद्रा असेल तर ती एकमेकांना चिकटतात. स्प्रिंगचा जोर कमी पडतो. पाती रेंगाळतात आणि त्यांच्या आधी शटर उघडून मिटून जातं. एफ १६ ऐवजी ती एफ ५.६ वर असतील तर तीन स्टॉप, म्हणजे ८ पट प्रकाश. जागची हललीच नाहीत आणि एफ २ वर राहिली तर ६४ पट. मीटरला यातलं काही कळत नाही, कारण त्याने आधीच मोजून घेतलेलं असतं. तुम्हालाही कळत नाही, कारण पुन्हा उघडताना पाती बॉडीच्या दांडीने ढकलली जातात, आणि तो जोर भरपूर असतो. व्ह्यूफाइंडरमध्ये कायम सगळं आलबेल.

आता ऋतूंचं कोडं सुटतं. लेन्सच्या फोकस रिंगखाली पेचांची मोठी नळी असते, तिला हेलिकॉइड म्हणतात. तिच्यात ग्रीस भरलेलं असतं. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थात धरून ठेवलेलं तेल. ते म्हातारं झालं आणि वरून ४२-४३ अंशांचा उन्हाळा बसला, की तेल सुटतं आणि धातूच्या पृष्ठावरून सरकत, झिरपत पात्यांपर्यंत पोचतं. तेल येतं उन्हाळ्यात. पावसाळ्यात ते कुठेही जात नाही. फक्त उजेड कमी असल्याने आपण एफ ४, एफ २.८ वर फोटो काढतो, पात्यांना फारसं हलावंच लागत नाही, आणि दोष झाकला जातो. संक्रांतीला ऊन पुन्हा कडक, अपर्चर पुन्हा एफ १६, आणि गारठ्याने तेल आणखी घट्ट झालेलं. म्हणून गड्ड्यातल्या फ्रेम्स मे महिन्यापेक्षाही वाईट होत्या. कोकणातल्या लोकांच्या लेन्सना बुरशी लागते, आपल्या कोरड्या सोलापुरात ती फार क्वचित. आपल्याकडे तेल सुटतं.

तपासणी करा ती सकाळी, लेन्स गार असताना. चिकटपणा तेव्हा लवकर उघडा पडतो.

लेन्स बॉडीवरून काढा, रिंग एफ २२ वर न्या. पेंटॅक्सच्या आणि नायकॉनच्या लेन्सना मागे एक लहान दांडी असते. ती बोटाने सरकवली की पाती उघडतात, सोडली की मिटतात. सोडल्यावर ती कट्कन मिटली पाहिजेत. डोळ्याला मिटण्याची क्रिया दिसली, पाती सरकताना जाणवली, तर लेन्स आजारी आहे. एकदा करून थांबू नका, पंधरा-वीसदा करा. माझी लेन्स पहिल्या दोन-तीन वेळा बरी वागायची आणि मग आळसावायची. स्क्रू माउंटच्या लेन्सना दांडीऐवजी बारीक पिन असते, आणि तिचं उलटं असतं: पिन दाबली की पाती मिटतात.

मग टॉर्च तिरकी धरून पात्यांकडे बघा. ओलसर, इंद्रधनुषी झाक दिसली तर ते तेल. नुसती घासल्यासारखी कोरडी चकाकी असेल तर घाबरू नका, पाती वर्षानुवर्षं एकमेकांवर फिरून तशी होतात. तेल बहुधा आधी पात्यांच्या मुळाशी दिसतं, मध्याकडे नंतर येतं. त्यामुळे एफ २२ वर पूर्ण मिटवूनच बघा.

लेन्स निर्दोष वाटली तरी शंका उरत असेल तर रोलच्या शेवटच्या सहा फ्रेम्स या चाचणीला द्या. मी हिच्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवते. सावलीतली एक साधी भिंत घ्या, चित्र-बित्र नको. मीटर एफ १६ आणि १/६० च्या आसपास सुई मध्ये दाखवेल अशी जागा ४०० च्या फिल्मला सहज मिळते. मग एकाच भिंतीचे, उजेड बदलायच्या आत, ओळीने फोटो घ्या: एफ २२ ला १/३०, एफ १६ ला १/६०, एफ ११ ला १/१२५, एफ ८ ला १/२५०, एफ ५.६ ला १/५००, एफ ४ ला १/१०००. हिशेबाने सहाही फ्रेम्सना सारखाच प्रकाश मिळतो, म्हणून निगेटिव्हवर सहाही सारख्या राखाडी दिसायला हव्यात. एफ २२ कडची टोकं काळी आणि एफ ४ कडे उतरत नीट होत गेली, तर पाती चिकटतात. उलट १/१००० कडची काळी असतील तर वेगवान शटर मंदावलंय, लेन्सला हात लावू नका. सहाही सारख्याच गडद असतील तर फिल्मचा वेग लावायची चकती चुकीच्या आकड्यावर आहे का ते आधी बघा. चकती बरोबर असेल तर दोष मीटरचा किंवा डेव्हलपिंगचा.

दुसऱ्या दोन बिघाडांशी गल्लत होते, तेवढी थोडक्यात सांगते. फ्रेमची एकच बाजू उजळ आणि दुसरी काळवंडलेली असेल, विशेषतः १/१००० वर, तर शटरचे पडदे एका गतीने धावत नाहीत. पात्यांच्या दोषात अख्खी फ्रेम सारखीच गडद असते. आणि प्रकाशाचे पट्टे फ्रेमच्या बाहेर, भोकांपर्यंत गेलेले असतील तर मागच्या झाकणाचा फोम गेलेला आहे. आपल्या हवेत तो डांबरासारखा वितळतो. तो खरवडून नवी पट्टी लावली की काम झालं, त्यात विशेष काही नाही.

आता मुख्य गोष्ट: दुरुस्त करूनही हे परत का येतं?

त्या गड्ड्यानंतर मी लेन्स एका दुरुस्तीवाल्याकडे दिली. त्याने पाती सॉल्व्हंटने साफ केली. दांडी सोडली की कट्कन आवाज, फेब्रुवारीच्या सगळ्या फ्रेम्स उत्तम. मे उजाडला आणि लेन्सचं दुखणं पुन्हा जागेवर. तेल जिथून येत होतं ते हेलिकॉइडचं ग्रीस तसंच होतं. फरशी पुसली, पण वरची गळकी टाकी कोणी पाहिलीच नाही.

दुसऱ्या ठिकाणी त्याहून वाईट झालं. "ताई, पाती जाम झालीत, तेल सोडतो, बघा कशी पळतात," असं म्हणत त्याने पात्यांवर तेलाचा थेंब सोडला. मी समोर बसले होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरामागे यंत्रमाग चालायचे. काही अडलं की तेलाची बुधली काढायची हे मी लहानपणापासून बघत आले. मागाला ते लागतंच, तिथे जड लोखंड लोखंडावर घासतं. अपर्चरची पाती कागदाइतकी पातळ असतात आणि ती कोरडीच चालायची असतात. तेलाने ती दोन दिवस पळाली, मग आधीपेक्षा घट्ट चिकटली. तुमच्यासमोर कोणी पात्यांजवळ तेल आणलं तर लेन्स उचला आणि घरी या.

योग्य दुरुस्ती म्हणजे तीन कामं एकदम: पाती साफ आणि कोरडी करणं, हेलिकॉइड उघडून जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढणं, आणि लेन्ससाठीचं खास ग्रीस अगदी पातळ थराने भरणं. दुकानात लेन्स देताना "पाती साफ करा" म्हणू नका. "हेलिकॉइडचं ग्रीस बदला आणि पाती कोरडी करून द्या" असं म्हणा, आणि ते करणार का हे विचारून घ्या. समोरचा हेलिकॉइडबद्दल बोलायला टाळाटाळ करत असेल तर पुण्या-मुंबईला जाणारं कोणी ओळखीचं असेल त्याच्या हाती लेन्स पाठवणं परवडतं. माझी शेवटी तशीच गेली.

घरी करायची इच्छा होते हे मला माहीत आहे. मीही केलं, पण मामाच्या लेन्सवर नाही. आधी एका मोडक्या लेन्सवर हात बसवला. करायचंच असेल तर चार गोष्टी सांभाळा. जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरला नीट बसत नाहीत, खाचा झिजतात. जपानी मापाचा ड्रायव्हर घ्या. हेलिकॉइडचे पेच एकाहून जास्त ठिकाणी सुरू होतात, म्हणून दोन नळ्या कोणत्या बिंदूवर सुटल्या तिथे टोकदार सुईने खूण करा आणि फोटो घ्या. ती खूण चुकली तर लेन्स जोडली जाते, पण दूरचा फोकस जातो. साफ करायला लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था वापरा, पेट्रोल नको. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवघरातली समईसुद्धा विझलेली. आणि भिंगं न काढता पुढून नॅफ्था ओतून पाती धुवायचा जो सोपा उपाय सांगितला जातो तो करू नका. तेल विरघळून भिंगांवर पसरतं आणि नॅफ्था उडून गेलं की पुन्हा पात्यांवरच बसतं.

जोडून झाल्यावर दूरचा फोकस तपासायचा तो सकाळी सातच्या आत. दुपारी दूरवरच्या पाण्याच्या टाक्या हवेत थरथरत असतात, त्यावर फोकस ठरवता येत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत कॅमेरा कपाटात ठेवायची गरज नाही. ४०० ऐवजी १०० ची फिल्म भरा. कडक उन्हात तिला एफ १६ ला १/१२५ लागतं, तेच एफ ५.६ ला १/१००० होतं. पात्यांचा प्रवास तीन स्टॉपने कमी झाला की चूकही तेवढी लहान होते आणि निगेटिव्ह फिल्म ती पचवते. स्क्रू माउंटच्या लेन्सवर ऑटो-मॅन्युअलचा खटका असेल तर मॅन्युअलवर टाका. फोकस करून झाला की पाती हाताने मिटवून मगच बटण दाबा, म्हणजे त्यांनी किती वेळ घेतला याने काही बिघडत नाही. याच कारणाने झेनिटवरच्या हेलिओस ४४-२ लेन्सची पाती तेलाने माखलेली असली तरी फोटो बरोबर येतात: तिच्यात पाती मिटवायचं काम रिंग फिरवून आपणच करतो, स्प्रिंगवर काही सोडलेलं नसतं. अशी लेन्स स्वस्तात मिळत असेल आणि दुकानदार तेलाचं कारण सांगून किंमत उतरवत असेल, तर खुशाल घ्या.

माझी लेन्स ग्रीस बदलून आल्याला आता दोन उन्हाळे झाले. मी ती स्कूटरच्या डिकीत ठेवणं बंद केलं आहे आणि पत्र्याखालच्या माळ्यावरून तिचा डबा खालच्या कपाटात आणला आहे. दर गुढीपाडव्याला आणि दर संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात सकाळी लेन्स काढते, एफ २२ लावते, वीस वेळा दांडी सोडते. यंदाच्या पाडव्याला विसाही वेळा कट्कन मिटली.